बिडी, तंबाखू आणि मशेरी : शरीरात काय बिघडतं, सोडल्यावर काय सुधारतं, मदत कुठे मिळते

सकाळी धारा काढून झाल्या की चहा, आणि चहाच्या मागोमाग बिडी. नाहीतर तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू. दुपारी बांधावर भाकरी खाल्ली की पुन्हा एकदा. रात्रीची लाईट असेल तर मोटर चालू करून झोप येऊ नये म्हणून आणखी दोन-चार वेळा. गावाकडे याला कुणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे दारू, तंबाखू ही नुसती 'सवय'. घरातली आजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करते, सून तीच दाताला लावते, आणि दोघींनाही आपण तंबाखू खातो असं वाटत नाही.

२०१६-१७ साली देशभर झालेल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं आढळलं. त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे सहापटीहून जास्त. बायकांमध्ये तर साधारण सहाजणींमागे एक. म्हणून नुसतं 'धूम्रपान सोडा' म्हणून भागत नाही, बिडी आणि तंबाखू दोन्हींचं बोलावं लागतं.

बिडी 'हलकी' असते हा गैरसमज

बिडीत तंबाखू कमी असते हे खरं आहे. एका बिडीत पाव ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी, सिगारेटमध्ये त्याच्या तीन-चारपट. वरून टेंभुर्णीचं पान, कागद नाही, म्हणून ती 'नैसर्गिक' आणि हलकी असा समज आहे. पण घोटाळा पानातच आहे. त्या पानातून हवा खेळत नाही, त्यामुळे बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायची तर जोरात आणि घाईघाईनं झुरके मारावे लागतात आणि धूर छातीत खोल जातो. त्यामुळे तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही, उलट जास्तच मिळतं.

भारतातल्या मृत्यूंवर झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिडी ओढणाऱ्या पुरुषाचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या बाईचं ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचं १० वर्षांनी कमी होतं असं निघालं. जास्तीचे मृत्यू मुख्यतः क्षयरोग, श्वसनाचे आजार, हृदयविकार आणि कॅन्सर यांचे होते. 'आमचा आजा नव्वद वर्षं जगला, मरेपर्यंत बिडी ओढायचा' हे प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. तसा एखादा असतोच. पण त्याच्याबरोबर बिडी ओढणारे पन्नाशीत गेले, त्यांची गोष्ट सांगायला कुणी पारावर बसलेलं नसतं.

शरीरात होतं काय? झुरका मारल्यावर दहा-एक सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तरतरी येते ती त्यामुळे. थोड्या वेळानं ते उतरलं की चिडचिड होते, डोकं जड होतं आणि पुन्हा बिडी हवीशी वाटते. म्हणजे बिडीनं जो त्रास थांबतो तो बहुतेक वेळा आधीच्या बिडीनंच लावलेला असतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त पळावं लागतं. ऊसाची मोळी उचलताना किंवा चढावर सायकल मारताना तिशी-पस्तिशीतल्या माणसाला दम लागतो तो वयामुळे नव्हे. धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी आहेत.

पायाच्या पोटरीतला गोळा दुर्लक्षू नका

फुप्फुसाचा कॅन्सर आणि हार्ट अटॅक सगळ्यांना माहीत असतात. शेतकरी माणसाचा पायच घेऊन जाणारा एक आजार मात्र फारसा कुणी सांगत नाही. त्याला बर्जर किंवा बुर्जरचा आजार म्हणतात. हातापायाच्या बारीक आणि मधल्या रक्तवाहिन्या सुजतात, त्यात गुठळ्या होतात आणि खालच्या भागाला रक्त पोचेनासं होतं. हा आजार होतो जवळजवळ फक्त तंबाखू घेणाऱ्यांना, त्यातही तरुण पुरुषांना, बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीच्या आत.

सुरुवात साधी असते. थोडं चाललं की पोटरीत किंवा तळपायात गोळा येतो, दोन मिनिटं बसलं की जातो. मग घरापासून शेतापर्यंत जाताना एकदा बसणारा माणूस तीनदा बसायला लागतो. 'शीर आखडली' म्हणून तेल चोळलं जातं. नंतर बोटं गार पडतात, निळसर होतात. काटा रुतला किंवा पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर ती जखम भरत नाही. रात्री पाय इतका ठणकतो की माणूस बाजेवरून पाय खाली लोंबकळत ठेवून बसतो, कारण तसं केलं की जरा बरं वाटतं. ही खूण महत्त्वाची आहे. बोट काळं पडलं की ते कापण्यावाचून इलाज राहत नाही, आणि बिडी चालूच राहिली तर आधी बोट, मग पंजा, मग गुडघ्याखालचा पाय अशी पाळी येते.

या आजारात पाय वाचवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. दिवसाला एक-दोन बिड्या 'कमी करून' उपयोग होत नाही, तेवढ्यानंही आजार चालू राहतो. ज्यांनी वेळेत पूर्ण सोडली, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पाय कापण्याची वेळ टळते. निकोटिनचं च्युइंगमसुद्धा या रोग्यांनी आपल्या मनानं घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं. साखरेचा आजार असेल तर बिडी आणि शुगर मिळून पायाची हानी लवकर करतात.

टीबीचंही असंच. धूर ओढणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दुपटीच्या आसपास असतो, आणि औषधं चालू असताना बिडी चालू ठेवली तर बरं व्हायला अडचण येते, आजार उलटण्याची भीती राहते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर 'बिडीचा खोकला आहे' म्हणून बसू नये, थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधं दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट आहेत.

घरात ओढलेल्या बिडीचा धूर लेकराबाळांच्या छातीत जातो. त्यांना न्यूमोनिया, दमा आणि कान फुटण्याचा त्रास जास्त होतो. ज्या घरात अजून चूल आहे, तिथं बाईच्या वाट्याला दोन्ही धूर येतात.

तंबाखूचा बार, गुटखा आणि तोंड

तंबाखूला चुना का लावतात? चुन्यामुळे तोंडात निकोटिन लवकर सुटतं आणि कातडीतून पटकन रक्तात जातं. पण त्याच चुन्यानं ती नाजूक कातडी भाजते, आणि भाजलेल्या जागेवर कॅन्सर करणारे पदार्थ तासन् तास टेकलेले राहतात. बहुतेक लोक बार एकाच ठिकाणी धरतात, खालच्या ओठात नाहीतर डाव्या-उजव्या गालात. बदल आधी त्याच जागी दिसतो.

गुटखा, मावा आणि खर्रा यांत सुपारी असते. नुसती सुपारी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला तंबाखूशिवायही कॅन्सरकारक ठरवलेलं आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठ होत जाते. तिखट भाजी तोंडात घेतली की आग होते, मग हळूहळू तोंड उघडेनासं होतं. कॉलेजला जाणाऱ्या पोरांतही हे दिसतं. एकदा ताठलेली कातडी पूर्ण पहिल्यासारखी होत नाही, पण खाणं थांबवलं तर पुढचं नुकसान रोखता येतं. आणि जे तंबाखूसोबत दारूही घेतात, त्यांच्या तोंडाचा आणि घशाचा धोका नुसता दोन्हींच्या बेरजेइतका राहत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो.

घरच्या घरी तपासणी अशी करता येते. चूळ भरून आरशासमोर उभं राहा, मोबाईलची बॅटरी लावा. ओठ उलटे करून आतून बघा, दोन्ही गाल बोटानं बाहेर ओढून बघा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, जीभ वर करून खालची जागा बघा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा डाग, गाठ, तीन आठवड्यांत न भरलेलं तोंड आलेलं किंवा जखम, कारण नसताना हलणारा दात, गळ्यात गाठ, यातलं काहीही दिसलं तर दाखवायला जावं. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का तेही बघा. दोनच जात असतील तर तोंड आखडायला लागलंय असं समजावं.

इथं एक गोष्ट पुन्हा सांगायला हवी. सुरुवातीला हे दुखत नाही. दाढ दुखली की माणूस तालुक्याला पळतो, पण न दुखणारा पांढरा चट्टा सहा-सहा महिने तसाच राहतो. दुखायला लागेपर्यंत आजार बहुधा पुढे गेलेला असतो. सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. उशीर झाला की जबडा काढण्याची ऑपरेशनं, शेक आणि खर्च, एवढं करूनही खात्री नाही.

मशेरी म्हणजे तंबाखूच

मशेरी लावल्यानं दात बळकट होतात, दाढदुखी राहते, पोट साफ होतं, असं बायका एकमेकींना सांगत आल्या आहेत. निकोटिननं हिरडी घटकाभर बधिर होते म्हणून दुखणं थांबल्यासारखं वाटतं, आत कीड वाढतच राहते. हिरडी मागे सरकते आणि दात उघडा पडतो. सकाळी एकदा लावणारी बाई दुपारी आणि झोपताना लावायला लागते, तेव्हा तो दात घासण्याचा प्रकार राहिलेला नसतो.

गरोदर बाईनं मशेरी लावली तर निकोटिन बाळापर्यंत जातं. मुंबईत गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोंडातून तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी आढळलं, दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. आधीच ॲनिमिया असलेल्या आईच्या बाळाला शंभर ग्रॅम लई मोठी गोष्ट असते. नाव नोंदवताना आशाताई किंवा नर्सबाई विचारतात तेव्हा बायका लाजून 'नाही' म्हणतात. घरातल्या मोठ्या बाईनंच पहिल्यांदा डबी बाजूला ठेवली तर सुनेला सोपं जातं.

फवारणी करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. औषधाचे हात साबणानं न धुता तंबाखू मळली किंवा बिडी ओठाला लावली तर औषध सरळ पोटात जातं.

सोडल्यावर काय होतं

शेवटची बिडी विझल्यावर २० मिनिटांत नाडीचे ठोके आणि ब्लड प्रेशर खाली यायला लागतं. १२ तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतं आणि फुप्फुसाची ताकद वाढते. पहिल्या काही दिवसांत खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो, कफ पडतो. ते साचलेलं बाहेर पडत असतं, 'सोडल्यामुळे आजारी पडलो' असं समजून पुन्हा सुरू करू नये. एक ते नऊ महिन्यांत खोकला आणि दम कमी होतो. वर्षभरानं हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका निम्म्यावर येतो. लकव्याचा धोका पाच ते पंधरा वर्षांत कधीच न ओढलेल्या माणसाइतका होतो. साठीतल्या माणसानं सोडली तरी फायदा होतो. तोंडातला पांढरा चट्टाही काही जणांत तंबाखू थांबल्यावर कमी होतो किंवा जातो, मात्र तो डॉक्टरांना दाखवून नजरेखाली ठेवावा लागतो.

पैशाचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. रोजचे ३० रुपये धरले तर वर्षाला १०,९५० होतात.

सोडायची कशी

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, कामात मन न लागणं, भूक वाढणं, शौचाला न होणं, हे सगळं होतं. तीन-चार आठवड्यांत यातलं बहुतेक निवळतं. हे आधीच माहीत असलं तर माणूस घाबरत नाही, आणि घरच्यांनाही सांगून ठेवता येतं की आठ दिवस जरा सांभाळून घ्या.

एक तारीख ठरवावी. ऐन काढणीत किंवा लग्नकार्याच्या धांदलीत ठरवू नये, जरा निवांत आठवडा बघावा. आदल्या रात्री डबी, पुडी, चुन्याची डबी, काडेपेटी सगळं घराबाहेर टाकावं. 'उद्यापासून कमी करतो' म्हणणाऱ्यांचं कमी केलेलं पंधरा दिवसांत पुन्हा वर जातं, म्हणून ठरल्या दिवशी पूर्ण बंद केलेली बरी.

तलफ आली की ती फार वेळ टिकत नाही, काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायची असतात. पाणी प्यावं, चार खोल श्वास घ्यावेत, जागेवरून उठून दुसरं काम धरावं. तोंडात काहीतरी हवं असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेला ओवा, शेंगदाणे चालतात. सुपारी नाही, आणि 'तंबाखू नसलेला' पानमसालाही नाही. चहाबरोबर बिडीची जोडी असेल तर काही दिवस चहाची वेळ किंवा जागा बदलावी. शौचासाठी तंबाखू लागते असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, निकोटिननं आतडं हलतं. पण आठ-पंधरा दिवस सकाळी कोमट पाणी, पालेभाजी आणि थोडं चालणं ठेवलं की शरीर आपल्या आपण रुळावर येतं.

सगळ्यात अवघड असतो तो पार आणि टपरी. तिथं कुणीतरी मळलेली तंबाखू पुढे करतोच, आणि नाही म्हणणं म्हणजे माणूस तोडल्यासारखं वाटतं. जवळच्या दोघातिघांना आधीच सांगून ठेवावं की मला देऊ नका. दोघांनी मिळून सोडली तर आणखी चांगलं.

निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहिलं तर मळमळतं आणि उचकी लागते. थोडं चावायचं, तिखटसर चव आली की गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा किंवा आंबट काही घेऊ नये. गरोदर बायका आणि हृदयाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही असतात, त्या फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीनं घ्यायच्या.

महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या मैतीला किंवा वरातीत एक बिडी ओढली गेली, तर सगळं वाया गेलं असं नाही. बहुतेकांना पूर्ण सुटायच्या आधी दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. ती कुठे आणि कोणाबरोबर ओढली गेली ते लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद करावी.

कायदा काय म्हणतो

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. त्यात एसटी स्टँड, दवाखाने आणि सरकारी कार्यालयं येतात. १८ वर्षांखालच्यांना विकणं आणि शाळेपासून १०० यार्ड, म्हणजे ३०० फुटांच्या आत विकणं गुन्हा आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि सुट्ट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून. टपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण शाळेजवळच्या टपरीबद्दल ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत लेखी तक्रार करता येते.

तपासणी आणि मदत

३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी गावातल्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. बीपी-शुगरही तिथंच बघतात. घरी आलेल्या आशाताईंनी फॉर्म भरताना तंबाखूचं विचारलं तर खरं सांगावं, पुढची तपासणी त्यावरच ठरते. संशय आला तर ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याला पाठवतात. कॅन्सरच्या उपचारासाठी सोलापूर जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. मुंबईत परळचं टाटा, नागपुरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आधीचे सगळे कागद सोबत न्यावेत. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पैसे भरायच्या आधी तिथं चौकशी करावी.

सोडण्यासाठी फोनवर सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारचा टोल फ्री नंबर १८००-११-२३५६ आहे. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल दिला तर मोबाईलवर मेसेज येत राहतात. टोल फ्री नंबर सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, सोमवारी बंद.